ब्रेक दाबल्याचा निरोप

लाँड्रीसमोर गाड्या विनाकारण थांबत होत्या. रस्ता सरळ, मोकळा. ना खड्डा, ना आडवं जाणारं कुत्रं. तरी संध्याकाळी माणसं कामावरून परतायच्या सुमाराला चांगली धावणारी गाडी लाँड्रीच्या पाटीपाशी आली की कचकन ब्रेक मारायची, आतल्या माणसाच्या कपाळाची आणि समोरच्या काचेची ओळख करून द्यायची आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून जायची. लाँड्रीवाला सुरुवातीला खूष होता. त्याला वाटलं, लोक पाटी वाचायला थांबतात. त्याने पाटी मोठी करून घेतली.

हल्लीच्या गाड्या बोलक्या. प्रत्येकीच्या छपराखाली एक काळी डबी असते आणि ती सेकंदाला दहा वेळा आजूबाजूच्या गाड्यांना निरोप देते: मी इथे आहे, एवढ्या वेगाने चाललेय, आता वळतेय, आता ब्रेक दाबलाय. पुढच्या गाडीने ब्रेक दाबल्याचं मागच्या गाडीला आतल्या माणसाच्या आधी कळतं आणि ती त्याला न विचारता थांबते. कोणी खोटे निरोप सोडू नयेत म्हणून प्रत्येक निरोपाखाली सही असते, आणि सही खरी असल्याचा दाखला संदेश कार्यालय देतं. दाखला असेल त्याचंच ऐकायचं, नसेल त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. माणसांच्या बाबतीत हे कधी जमलं नव्हतं. गाड्यांच्या बाबतीत जमवलं, याचा कार्यालयाला रास्त अभिमान होता.

लाँड्रीसमोरचा प्रकार कार्यालयाने आधी हसण्यावारी नेला. मग एका संध्याकाळी अशाच थांबलेल्या गाडीवर मागून स्कूटर आदळली. ड्यूटीवर निघालेली नर्स होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

साहेबांनी बैठक बोलावली. भिंतीवर शहराचा नकाशा, नकाशावर लाल टिंब.

"हा हल्ला आहे," साहेब म्हणाले. साहेबांना हल्ला हवाच होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण गेली कित्येक वर्षं ते हल्ल्याची तयारी करत होते आणि एकही हल्ला झाला नव्हता, हेही खरं. "कोणीतरी गाडी नसताना गाडी असल्याचा निरोप सोडतंय. आज लाँड्री, उद्या हमरस्ता."

"सर, पण सही खरी आहे," तपासनीस म्हणाली. ती कार्यालयातली सगळ्यात धाकटी. खोटे निरोप हुडकायचं काम तिच्याकडे होतं. "दाखलाही आपणच दिलेला. फक्त तिथे गाडी नाही."

"म्हणजे दाखला चोरलाय."

"असेल. पण हल्लेखोर संध्याकाळीच का येतो? आणि रविवारी सुट्टी का घेतो?"

"शिस्तबद्ध टोळी आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले.

दाखला कोणाच्या गाडीचा हे बघायचं, तर तो आधी रद्द करावा लागतो; उगाच कोणी कोणाच्या मागावर राहू नये म्हणून नियमच तसा आहे. आणि रद्द करायचा, तर कारण लागतं. तेव्हा तपासनीस कार्यालयाची व्हॅन घेऊन कारण शोधायला निघाली. व्हॅनच्या टपावर भलीमोठी अँटेना आणि स्टिअरिंगवर मामा. मामा खरे कोणाचेच मामा नव्हते, पण कार्यालयातले सगळे त्यांना मामाच म्हणत.

लाँड्रीपाशी येताच व्हॅनने कचकन ब्रेक मारला. मामांचा चष्मा नाकावरून निसटून मांडीत पडला.

"घ्या ताई," चष्मा पुसत मामा म्हणाले. "आपण धरायला आलो आणि त्यानेच आपल्याला धरलं."

तपासनीसेने अँटेना फिरवली. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. मग तिने ती वर उचलली आणि यंत्रावरचा काटा ताठ झाला. लाँड्रीच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक बाल्कनी होती. दोन कुंड्या, वाळत घातलेला टॉवेल, आणि कठड्याला टेकून काहीतरी काळं.

"मामा, गाडी बाल्कनीत आहे."

"असेल बाबा. हल्ली पार्किंगला जागा कुठे मिळते?"

दार एका उंच, वाकलेल्या गृहस्थाने उघडलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद होऊन जमाना लोटला होता, तरी सगळी इमारत त्यांना रेडिओवाले काकाच म्हणे.

"संदेश कार्यालयातून आलेय. काका, तुमच्या बाल्कनीतून एक गाडी बोलतेय."

काकांनी वळून बाल्कनीकडे बघितलं. "तिथे आम्ही दोघं एका वेळी मावत नाही, बाई."

"कोण आलंय हो?" आतून आवाज आला.

"कार्यालयातून आल्यात. त्या डब्यांच्या."

हात पुसत काकू बाहेर आल्या. ठेंगण्या, घाईच्या चालीच्या. त्यांनी तपासनीसेचा हात धरून तिला थेट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. "बस गं बाळ. त्याच्या कामावरचं कोणी आलंच नव्हतं भेटायला. मी म्हटलं यांना, येईल कोणीतरी. एवढ्या गाड्यांना डब्या बसवल्या पोराने."

आपण त्यासाठी आलेलो नाही, हे सांगायला तपासनीसेने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गॅसवर पातेलं होतं. पातेल्याच्या वर भिंतीला लाकडाची एक पट्टी ठोकलेली होती आणि पट्टीवर बोराएवढा हिरवा दिवा जळत होता.

"हा कसला दिवा, काकू?"

"भोंग्याचा."

भोंगा म्हणजे त्यांचा मुलगा. तान्हा असताना तो रडायला लागला की खालच्या लाँड्रीतल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, कारखाना सुटला. म्हणून भोंगा. मोठेपणी त्याने सगळी भरपाई केली.

"बोलायचाच नाही," काकू म्हणाल्या. "फोन केला की 'हं'. येतोस का? 'हं'. उशीर होईल का? 'हं'. आता यातून मी काय समजायचं? मी वैतागले एकदा, म्हटलं, गाड्यांना बोलायला शिकवतोस, आईशी बोलायला काय होतं? तर दुसऱ्या दिवशी हे ठोकून गेला. त्याची गाडी त्या कोपऱ्यावर वळली की हा दिवा लागायचा. मी पातेलं ठेवायचे. जिना चढून वर येईपर्यंत जेवण गरम." त्या हसल्या. "तेवढ्यासाठीसुद्धा बोलायला लागू नये म्हणून बघ."

खाली रस्त्यावर टायर करकरले. तपासनीसेने खिडकीतून वाकून मामांना हाक मारली. मामा लाल फडकं घेऊन रस्त्यात उभे राहिले आणि गाड्या हळू सोडू लागले.

"आणि आता?" तिने विचारलं. "आता हा दिवा का लागलाय?"

उत्तर काकांनी दिलं, स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत. "तो गेल्यावर अपघात विभागाने एक पिशवी दिली. पाकीट, जेवणाचा डबा आणि ही डबी. डबा हिने घासून ठेवला. डबीची वायर तुटली होती. तुटकी वायर दिसली की माझे हात ऐकत नाहीत हो, जन्मभराची खोड. बाल्कनीत बसून जोडली, चालते का बघायला वीज दिली. मनात काही नव्हतं. तेवढ्यात आत हिने..."

"दिवा लागला," काकू म्हणाल्या. "मी पातेलं ठेवलं. दुसरं काय करणार?"

"तेव्हापासून रोज?"

"रविवारी नाही. रविवारी तो घरीच असायचा ना."

शिस्तबद्ध टोळीतली दोन्ही माणसं तिच्यासमोर उभी होती. पातेल्यातून वाफ यायला लागली. काकूंनी गॅस बारीक केला.

तपासनीसेने पिशवीतून कार्यालयाचा लॅपटॉप काढून ओट्यावर ठेवला. "काका, डबी नुसती चालू नाहीये. ती बोलतेय."

"बोलू दे की. मी इथे आहे, एवढंच म्हणत असेल. कुणाचं काय जातं?"

"तेवढंच नाही म्हणत." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "आपण कुठे आहोत हे तिला उपग्रहावरून कळतं, ते ती आजचं सांगते. बाकी सगळं गाडीच्या तारेतून यायचं. ती तार तुटली. तेव्हा तारेतून शेवटचं जे आलं होतं, तेच ती पुन्हा पुन्हा सांगतेय."

"शेवटचं काय आलं होतं?"

"ब्रेक दाबलाय."

काकूंनी विचारलं, "म्हणजे?"

"पूर्ण दाबलाय, काकू. जितका दाबता येतो तितका. तोच निरोप रस्त्यावरच्या गाड्यांना जातो, आणि त्यांना वाटतं, पुढची गाडी थांबली."

काका भिंतीला हात लावत खाली बसले. स्टूल शोधायचंही त्यांना सुचलं नाही.

खाणीच्या रस्त्यावरच्या वळणावर ते झालं होतं. समोरून डंपर आला. जुना, डबी नसलेला; कार्यालयाच्या भाषेत मुकी गाडी. डंपरवाल्याने जबानी दिली की पोरगा ब्रेक न दाबता सरळ अंगावर आला. रस्ता खडीचा. घसरल्याच्या खुणा असल्याच तर मागून आलेल्या दुसऱ्या डंपरांनी पुसल्या. अहवालात लिहिलं गेलं, चालकाचे दुर्लक्ष. तिथून ते इमारतीत आलं. मोबाईल बघत असेल, लाँड्रीवाला म्हणाला. हल्लीची पोरं, पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"तुम्हीसुद्धा म्हणालात," काकू हळू आवाजात म्हणाल्या. त्यात भांडण नव्हतं. "तंद्रीत असतो नेहमी, लक्ष नसेल त्याचं, म्हणालात."

"अपघात विभागाने डबी वाचली नाही?" तपासनीसेने विचारलं.

"ते म्हणाले, डबी संदेश कार्यालयाची. त्यांच्या अखत्यारीत येत नाही," काकांनी सांगितलं.

तपासनीसेने मान खाली घातली. अपघात विभाग तिच्याच इमारतीत होता, तिच्या टेबलाच्या बरोबर खालच्या मजल्यावर. शहरातल्या सगळ्या गाड्या एकमेकींशी सेकंदाला दहा वेळा बोलत होत्या. त्या दोन मजल्यांचं बोलणं नव्हतं.

खाली पुन्हा टायर करकरले आणि मामांचा आवाज आला, "हळू, हळू! सावकाश घ्या!"

काकूंनी खिडकीकडे बघितलं, मग दिव्याकडे. "ती नर्स..."

तपासनीसेने मान हलवली.

"मी पाणी घेऊन गेले होते खाली. तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. म्हटलं तिला, पोरी, या नव्या गाड्यांचा काही भरवसा नाही बघ." काकूंनी गॅस बंद केला. पातेल्यावरचं झाकण थरथरत थांबलं. "काढा हो ते. आत्ताच्या आत्ता काढा."

काका उठून बाल्कनीकडे निघाले.

"काका, थांबा! वायर ओढू नका!" तपासनीस आडवी गेली. "रोज चालू-बंद करत होतात तरी आतलं पुसलं गेलं नाही, हे नशीब म्हणायचं. पुन्हा नशिबावर सोडायला नको. मी आधी दाखला रद्द करते. मग डबी कितीही बोलली तरी गाड्या तिचं ऐकणार नाहीत. तशीच चालू घेऊन जाते, आणि जे आहे ते वाचायला देते."

"मग कर ना लवकर!" काकू म्हणाल्या.

तिने पडद्यावर दाखला काढला. कारण निवडा, पडद्याने सांगितलं. तिने कारणं वाचली, पुन्हा वाचली आणि साहेबांना फोन लावला.

"सापडली टोळी?" साहेबांनी विचारलं.

"टोळी नाही, सर. आई-वडील आहेत." तिने थोडक्यात सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

"हं," साहेब म्हणाले. "मग 'मालक मयत' लाव आणि मोकळी हो."

"मयत लावलं की डबी आपोआप पुसली जाते."

"बरोबर. गेलेल्या माणसाची माहिती कोणी वापरू नये म्हणून. चांगला नियम आहे. मीच लिहिलाय."

"पण सर, यांच्या मुलाचा ब्रेक आहे त्यात."

"मग 'बिघाड' लाव. नको, बिघाड लावला की डबी कारखान्यात जाते, ते आतलं सगळं काढून नवीकोरी करून पाठवतात." पुन्हा पंखा. "चोरीतही तेच. जशीच्या तशी सीलबंद फक्त 'खोटा निरोप'मध्ये ठेवतात. पुरावा म्हणून. पण मग मालकाचं नाव खोटे निरोप देणाऱ्यांच्या यादीत चढतं. ती यादी जाहीर असते, आणि तिच्यावरून नाव उतरवायची सोय..."

"नाही?"

"तशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बैठकीतला नव्हता. "त्यांना विचारून लाव. जे लावशील त्यावर मी सही करतो."

तपासनीसेने फोन ठेवला आणि दोघांना सगळं सांगितलं. सोपं करून सांगावं असं त्यात काही नव्हतं. मयत लावलं तर नाव स्वच्छ राहतं आणि ब्रेक पुसला जातो. खोटा निरोप लावलं तर ब्रेक राहतो आणि भोंगा खोटारडा ठरतो.

"मयत लावा," काका लगेच म्हणाले. "आयुष्यात खोटं बोलला नाही माझा पोरगा. खोटं बोलायला आधी बोलावं लागतं. जाहीर यादीत त्याचं नाव? लफंग्यांच्या रांगेत? नाही. मयत आहे, मयत लावा."

"आणि दुर्लक्ष?" काकू म्हणाल्या.

"काय?"

"ते लावलंय ना आधीच त्याच्या नावाला. ते चालतं तुम्हाला?"

काकांनी पडद्याकडे बघितलं.

"अर्धं शहर म्हणतंय, त्याचं लक्ष नव्हतं. आता उरलेलं अर्धं म्हणेल, खोटं बोलतो. म्हणू दे." काकू तपासनीसेकडे वळल्या. "बाळ, यादीत काहीही लिहिलं तरी डबीच्या आत जे आहे ते तसंच राहतं ना? त्याने दाबलेला?"

"राहतं."

"आणि ते कोणी वाचेल?"

तपासनीसेला हो म्हणावंसं वाटलं. "खात्री देत नाही, काकू. अपघात विभाग आमच्या खालच्याच मजल्यावर आहे. डबी घेऊन मी स्वतः जिना उतरेन, एवढं सांगते. तिथून पुढे त्यांच्या हातात."

"जिना उतरशील ना? झालं तर. लाव खोटारडा."

तपासनीसेने बोट पुढे केलं, पण काका मध्ये आले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर ओट्यावर ठेवला, हात पँटला पुसला.

"मी दाबतो," ते म्हणाले. "त्याचं लक्ष नव्हतं असं मीही म्हणालोय. हे मला करू द्या."

कुठे दाबायचं ते तिने दाखवलं. नुसता स्पर्श पुरला असता. काकांनी ते बटण अंगठ्याने दाबलं आणि दाबूनच धरलं, नख पांढरं होईपर्यंत.

"झालं, काका," ती म्हणाली. "सोडा आता."

थोड्या वेळाने तिने खिडकीतून खूण केली. मामांनी फडकं खाली घेतलं आणि बाजूला झाले. एक निळी गाडी आली, लाँड्रीच्या पाटीखालून सरळ निघून गेली. मागून दुसरी, तिसरी. डबी बाल्कनीतून सेकंदाला दहा वेळा ओरडत होती, ब्रेक दाबलाय, ब्रेक दाबलाय, आणि सगळ्या रस्त्याने तिचं ऐकणं बंद केलं होतं.

तपासनीसेने वायर सोडवली. डबीच्या पोटात तासभर पुरणारी छोटी बॅटरी असते. त्यावर ती कार्यालयापर्यंत तग धरणार होती. तिने डबी पिशवीत ठेवली, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दारापाशी थबकली.

"त्या नर्सचा पत्ता मिळेल का?" काकूंनी विचारलं. "मला जायचंय तिच्याकडे. सांगायला नको का?"

"पाठवते," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

काका बाल्कनीत जाऊन उभे राहिले. काकू स्वयंपाकघरात वळल्या आणि ओट्याशी थांबल्या.

दिवा चालूच होता. भोंग्याने तो घरच्या घरी जोडलेला. दाखला, सही, यादी असलं काही त्याला कधी शिकवलंच नव्हतं. त्याच्या लेखी भोंगा जवळपास होता, एवढंच.

"बसली व्हॅनमध्ये," काका बाहेरून म्हणाले.

काकू दिव्याकडे बघत राहिल्या.

"निघाले... पेट्रोल पंपापाशी पोचले... कोपऱ्यावर आले."

दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

"वळली," काका म्हणाले. "दिवा?"

"विझला," काकू म्हणाल्या. "तो निघाला की रोज सकाळी तिथेच विझायचा."

आजवर ते पातेलं गरम व्हायचं आणि तसंच उचलून फ्रिजमध्ये जायचं. काकूंनी झाकण काढलं, आत बोट लावून बघितलं. अजून कोमट होतं. त्यांनी दोन ताटं घेतली आणि बाल्कनीतल्या माणसाला हाक मारली.